चुकायला जागा असलेला फटका

थ्री-कुशन बिलियर्ड्सचा खेळाडू क्यू चालवतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ नुसता पाहत असतो. टेबलाच्या या कोपऱ्यातून, मग त्या कोपऱ्यातून; वाकून, पुन्हा उभे राहून. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एका फटक्यासाठी बहुधा ४० सेकंद मिळतात आणि त्यांतली बरीचशी या पाहण्यातच जातात. समोर चेंडूंची मांडणी एकच असते, पण तिच्यातून गुण मिळवण्याचे तीन, चार, कधी त्याहूनही जास्त मार्ग दिसत असतात. त्यांतला सर्वोत्तम कोणता, हा या खेळातला खरा प्रश्न. त्याला सहसा दोन उत्तरे दिली जातात. एक, सर्वात सोपा दिसेल तो. दुसरे, पुढच्या फटक्याची सोय लावून ठेवेल तो. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. माझे म्हणणे असे, की या खेळाडूला या टेबलावर ज्या फटक्यात चुकायला सर्वात जास्त जागा आहे, तो फटका सर्वोत्तम. बाकीचे हिशेब करायचेच, पण त्यानंतर.

आपल्याकडे बिलियर्ड्स म्हटले की सहा खिशांचे टेबल डोळ्यांपुढे येते. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी विजेतेपद मिळवले ते त्या टेबलावरच्या इंग्लिश बिलियर्ड्समध्ये. त्यात चेंडू खिशात घालून गुण मिळतात, तसेच आपल्या चेंडूने इतर दोन्ही चेंडूंना स्पर्श करूनही मिळतात. या दुसऱ्या प्रकाराला कॅनन म्हणतात. युरोपात, लॅटिन अमेरिकेत, तुर्कस्तानात, कोरियात, व्हिएतनाममध्ये खेळले जाणारे कॅरम बिलियर्ड्स निव्वळ कॅननवर उभे आहे. त्या टेबलाला खिसेच नसतात. खेळायची जागा २.८४ मीटर लांब आणि १.४२ मीटर रुंद. कापडाखाली पाटीचा दगड, आणि त्याला खालून ऊब दिलेली. चेंडू तीन, प्रत्येकी सुमारे ६१.५ मिलिमीटर व्यासाचे. थ्री-कुशनमध्ये अट आणखी कडक होते. दुसऱ्या चेंडूला लागण्याआधी आपला चेंडू किमान तीनदा कुशनवर आपटलेला असला पाहिजे. जमले तर एक गुण आणि पुन्हा फटका. हुकले तर प्रतिस्पर्ध्याची पाळी. घरच्या कॅरमबोर्डावर रिबाउंड घेऊन सोंगटी घालू पाहणाऱ्याला एका काठाचा अंदाजही किती फसवा असतो हे ठाऊक आहे. इथे तसे तीन काठ आहेत, आणि चेंडूला फिरकीही आहे.

फटका निवडण्याला इतके महत्त्व का द्यायचे, हे आधी आकड्यांतून पाहू. या खेळात खेळाडूची योग्यता दर पाळीला मिळालेल्या गुणांच्या सरासरीवरून मोजतात. प्रत्येक फटका जमण्याची शक्यता सारखीच आहे असे क्षणभर धरले, तर सरासरी आणि यशाचे प्रमाण यांचे नाते सरळ आहे: जमणाऱ्या फटक्यांना हुकणाऱ्या फटक्यांनी भागायचे. शंभरातले ५० फटके जमत असतील तर सरासरी १. ६० जमले तर दीड. दोन-तृतीयांश जमले तर २. अमेरिकेचा विली हॉपी हा आपल्या काळातला अनभिषिक्त सम्राट. १९५० साली एका संपूर्ण स्पर्धेत त्याने राखलेली १.३३ ची सरासरी त्या काळी विक्रम होती. आज ब्लोमदाल, यास्पर्स, कोद्रों, सांचेझ यांच्या तोडीचे खेळाडू दोनच्या आसपास सरासरी सातत्याने राखतात. ऐकताना ही झेप प्रचंड वाटते, पण वरच्या सूत्रात घालून पाहा: हॉपीचे शंभरातले ५७ फटके जमत होते, आजच्यांचे ६७ जमतात. अर्ध्या शतकाहून अधिक काळाची सारी प्रगती शंभर फटक्यांमागे दहा फटक्यांची आहे. यात चांगल्या कापडाचा, एकसारख्या घडवलेल्या चेंडूंचा वाटा मोठा आहे, हे मान्यच. पण आकड्यांचा मुद्दा त्याने बाधत नाही. ज्याचे ६० टक्के फटके जमतात त्याने हात तोच ठेवून, निव्वळ निवड सुधारून ते प्रमाण ६५ वर नेले, तर त्याची सरासरी १.५ वरून जवळजवळ १.८६ वर जाते. मनगट सुधारायला वर्षे लागतात. वाईट निवड टाळणे त्या मानाने स्वस्त आहे, आणि मोबदला मात्र तितकाच.

आता ‘चुकायला जागा’ म्हणजे नेमके काय ते पाहू. आपल्या चेंडूचे केंद्र दुसऱ्या चेंडूच्या केंद्रापासून एका व्यासाच्या आत आले की स्पर्श होतो. म्हणजे दुसरा चेंडू मोकळ्या जागी असेल तर त्याला गाठण्याचा पट्टा दोन व्यासांचा, सुमारे १२.३ सेंटिमीटर रुंद. तीन कुशन घेऊन जाणारा मार्ग पाच मीटरांचा असणे यात नवल काही नाही. पाच मीटरांवर एक अंशाची चूक जवळजवळ पावणेनऊ सेंटिमीटर होते. पट्ट्याच्या मध्यावर नेम धरला तरी दोन्ही बाजूंना जेमतेम सहा सेंटिमीटर मिळतात. म्हणजे पाऊण अंशाचीही सूट नाही. शिवाय चूक फक्त दिशेत होते असे नाही. पहिल्या चेंडूला किती जाड किंवा बारीक लागलो, फिरकी किती दिली, वेग किती ठेवला, यांतली प्रत्येक गोष्ट तीन कुशनांवर आपटत आपटत मोठी होत जाते. माणसाचा हात या सगळ्यांत रोज थोडा चुकणार, हे गृहीतच धरायला हवे. तेव्हा हातचूक होणार नाही असा फटका शोधणे व्यर्थ आहे. शोधायचा तो असा फटका, जो हातचूक होऊनही गुण देईल.

असे फटके खरेच असतात, आणि ते कुठे सापडतात हे भूमिती सांगते. फ्रेंच गणिती कोरिऑलिसचे नाव आपण पृथ्वीच्या परिवलनाने वाऱ्यांना मिळणाऱ्या वळणाच्या संदर्भात ऐकलेले असते. त्याच कोरिऑलिसने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर एक ग्रंथ लिहिला. सहज घरंगळत जाणारा चेंडू दुसऱ्या सारख्याच चेंडूवर आदळला की त्याचा मार्ग किती वळतो, याचा हिशेब त्यात आहे. हे वळण सुमारे ३४ अंशांच्या पुढे जात नाही, आणि ते सर्वाधिक असते साधारण अर्धा चेंडू झाकला जाईल अशा आघाताच्या वेळी. यातली खेळाडूच्या कामाची गोष्ट अशी, की कोणतीही राशी आपल्या कमाल किमतीजवळ असते तेव्हा तिच्यात फरक फार थोडा पडतो. पाव चेंडूपासून पाऊण चेंडूपर्यंत आघात कुठेही झाला तरी वळण २७ ते ३४ अंशांच्या दरम्यानच राहते. म्हणजे अर्ध्या चेंडूचा नेम धरून थोडे जाड किंवा थोडे बारीक लागले तरी आपला चेंडू जवळपास त्याच वाटेने जातो. उलट अगदी निसटता, केसाइतका बारीक आघात घ्या. तिथे मिलिमीटरभराच्या फरकाने वळण झपाट्याने बदलते. दोन मार्ग दिसत असताना एकात अर्ध्या चेंडूचा आघात आहे आणि दुसऱ्यात निसटता, तर दुसरा मार्ग कितीही आखूड असला तरी पहिल्यालाच प्राधान्य आहे.

दुसरी सवलत टेबलाच्या कोपऱ्यांत मिळते. दुसरा चेंडू कुशनपासून थोडा दूर, पण मधून आपला चेंडू निसटून जाणार नाही इतका जवळ असेल, तर त्याला दोन प्रकारे गाठता येते: सरळ, किंवा आधी कुशनवर आपटून परतताना. आरशात दिसावी तशी त्या चेंडूची एक प्रतिमा कुशनच्या पलीकडे आहे असे समजा. चेंडूला लागा की प्रतिमेला लागा, गुण मिळतोच. चेंडू योग्य अंतरावर आणि आपण योग्य तिरप्या दिशेने येत असू, तर १२ सेंटिमीटरचा पट्टा जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. कोपऱ्यात दोन कुशन असल्याने कधी त्याहूनही अधिक. खेळाडू अशा चेंडूला ‘मोठा चेंडू’ म्हणतात, आणि भूमितीच्या दृष्टीने तो शब्दशः मोठाच असतो. म्हणून टेबलाला पूर्ण वळसा घालून कोपऱ्यातल्या मोठ्या चेंडूकडे जाणारा लांबलचक फटका नवख्याला अवघड वाटला, तरी तो टेबलाच्या मध्यावरच्या सुट्या चेंडूकडे जाणाऱ्या आखूड फटक्यापेक्षा प्रत्यक्षात सोपा असू शकतो. सोपे दिसणे आणि चुकायला जागा असणे या दोन गोष्टी इथे फारकत घेतात. ‘सोपा दिसेल तो मारावा’ हे उत्तर अपुरे पडते ते याचमुळे. डोळा अंतर पाहून अवघडपणा ठरवतो. खरा अवघडपणा मात्र लक्ष्य किती रुंद आहे आणि वाटेत चूक किती वाढते, यावर असतो.

याच तर्काने आधी कुशन घेऊन मग दोन्ही चेंडू गाठणाऱ्या फटक्याचे, म्हणजे बँक शॉटचे, मोल ठरते. त्यात पहिल्या चेंडूच्या जाडी-बारकाईची चूक सुरुवातीच्या वाटेतून बाद होते. चेंडू कुठल्या कुशनवर कुठे लागेल एवढेच पाहायचे. त्यासाठी काठावर कोरलेल्या खुणांची, म्हणजे डायमंडची, मोजणी असते. सर्वात प्रसिद्ध पद्धतीत निघण्याच्या जागेच्या आकड्यातून तिसऱ्या कुशनवरच्या इच्छित जागेचा आकडा वजा करतात. उरेल तो पहिल्या कुशनवरचा नेम. पाचातून निघून तीनवर पोचायचे तर दोनवर मारायचे. हॉपीच्या १९४१ सालच्या पुस्तकाने ही मोजणी घराघरांत पोचवली. पण वजाबाकी अचूक आहे म्हणून फटका अचूक होतो असे नाही. ती एका ठरावीक फिरकीसाठी आणि एका ठरावीक कापडासाठी खरी. नव्या कोऱ्या, गुळगुळीत कापडावर चेंडू लांब पडतो. दमट हवेत तो आखूड पडतो, आणि म्हणूनच टेबलाला ऊब देण्याची सोय. बँक शॉट चांगला की वाईट, हे सूत्र जमले की नाही यावर ठरत नाही. शेवटी गाठायचे दोन चेंडू एकमेकांजवळ, कोपऱ्यात, मोठे होऊन बसलेत की नाहीत यावर ते ठरते.

व्याख्येत मी ‘या खेळाडूला, या टेबलावर’ असे म्हटले आहे, आणि ते शब्द भरीचे नाहीत. जागा किती आहे हे टेबल सांगते. ती पुरेशी आहे की नाही हे खेळाडूच्या चुकीचा आकार सांगतो. एखाद्याचा वेग नेहमी नेमका असतो पण जाडीत गफलत होते; दुसऱ्याचे अगदी उलट. पहिल्याने अर्ध्या चेंडूचे, वेग जपून मारायचे फटके घ्यावेत. दुसऱ्याने वेग कमी-जास्त झाला तरी वाट फारशी न बदलणारे. एकाच मांडणीवर दोघांनी दोन वेगळे फटके निवडले आणि दोघेही बरोबर ठरले, यात विसंगती नाही. यावरून कोणी म्हणेल की मग हा आवडीनिवडीचाच प्रश्न झाला. तसे मुळीच नाही. चष्म्याचा नंबर प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून तो मनाला येईल तसा ठरवत नाहीत. इथेही प्रत्येक खेळाडूसाठी उत्तर एकच असते आणि ते मोजता येते. फक्त मोजताना स्वतःच्या चुकांविषयी प्रामाणिक राहावे लागते, आणि नेमके तेच माणसाला जड जाते. आपण ज्या वाटेने एकदा गेलो ती वाट आपल्याला येते, असे मन सांगते. दहांपैकी सात वेळा आपण तिथून कुठे गेलो, हे ते सांगत नाही.

या मताला पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप पुढच्या फटक्याचा आहे. गुण एकेकच मिळतो; सामना मात्र ४० किंवा ५० गुणांचा. तेव्हा निव्वळ हा गुण पाहणारा खेळाडू आंधळा नव्हे काय? बेल्जियमचा रेमंड स्यूलमान्स घ्या. १९६३ ते २००१ या काळात त्याने या प्रकारात २१ जागतिक विजेतेपदे मिळवली. त्याच्या पिढीने जगाला दाखवले, की आपला चेंडू गुण मिळवत असताना पहिला चेंडूही वेग आणि जाडी राखून सोयीच्या जागी आणून ठेवता येतो. मग थोडा अवघड फटका घेऊन पुढचे सोपे करणे शहाणपणाचे नाही का? कधी आहे, कधी नाही. केव्हा आहे ते हिशेबाने सांगता येते. फटक्याचे मोल म्हणजे तो जमण्याची शक्यता, गुणिले एक गुण अधिक पुढे अपेक्षित असलेले गुण. सरासरी अर्ध्या गुणाचा क्लबातला खेळाडू घेऊ. त्याच्यासमोर ४० टक्के शक्यतेचा सरळ फटका आहे, आणि ३० टक्के शक्यतेचा पण पुढची मांडणी सुधारणारा दुसरा. दुसरा फटका पहिल्याच्या बरोबरीला यायचा तर पुढचे अपेक्षित गुण अर्ध्यावरून एकावर जायला हवेत. म्हणजे त्याला पुढचा फटका जमण्याची शक्यता एक-तृतीयांशावरून दोन-तृतीयांशावर जायला हवी. अशी मांडणी ठरवून आणणे त्याच्या हातात नसते. आता सरासरी २ चा जगज्जेता घ्या. त्याच्यापुढे निवड ७० आणि ६० टक्क्यांची आहे. त्याला पुढची शक्यता सुमारे ६७ वरून ८३ टक्क्यांपर्यंत नेली की पुरे, आणि तेवढे त्याला अनेकदा साधते.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मांडणी राखण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. दहा टक्के शक्यता गमावणे दुबळ्या खेळाडूला महाग पडते, बलाढ्याला स्वस्त. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण इथे अंकगणित म्हणून खरी आहे. दुसरी, मांडणी राखण्याचा विचार पायाभूत नाही. तो चुकायला जागा असण्यावर उभा राहतो. स्यूलमान्सच्या काळात तो फळाला आला तोही अशा हातांत, ज्यांचा गुण बव्हंशी हमखास होता. ज्याचा पायाच हलतो त्याने कळसाची नक्कल केली तर नुकसान ठरलेले आहे. मात्र दोन मार्गांत जमण्याची शक्यता सारखीच असेल, तर पुढची मांडणी निर्णायक ठरते आणि ठरावी. तिथे तिचे काही मोल मोजावे लागत नाही. ती फुकट मिळते. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. तो त्याच्या पुढची पायरी सांगतो.

दुसरा आक्षेप बचावाचा. फटका हुकला तर प्रतिस्पर्ध्याला काय हाती लागेल, याचा विचार नको का? हवा. हॉपीच्या अमेरिकेत तो विचार खेळाच्या केंद्रस्थानी होता. हुकलोच तर समोरच्यासमोर चेंडू अडगळीत पडलेले असावेत अशा बेताने मारलेले फटके त्या काळी शहाणपणाचे लक्षण मानले जात. पण हाही हिशेब मांडून पाहू. दोन्ही खेळाडूंची सरासरी १ आहे. ५० टक्के शक्यतेचा निखळ आक्रमक फटका घेतला तर पदरी अपेक्षित गुण १, आणि हुकल्यावर समोरच्यालाही १. आता बचाव साधणारा फटका घ्या: आपली शक्यता ४० वर आली, आणि हुकल्यास समोरच्याला अशी वाईट मांडणी मिळाली की त्याची शक्यता ५० वरून ३५ वर घसरली. आपले अपेक्षित गुण ०.८ झाले, त्याचे, जमण्याच्या आणि हुकण्याच्या दोन्ही शक्यता धरून, ०.८२. म्हणजे समोरच्याची मांडणी चांगलीच बिघडवूनही पदरी पडलेला फायदा शून्याहून किंचित कमी. दहा टक्के आक्रमण विकून घेतलेला बचाव जवळजवळ बिनफायद्याचा ठरतो. बचाव चांगला, पण तोही फुकट मिळाला तर. वेग एवढा ठेवायचा की हुकलो तरी चेंडू वाईट जागी थांबतील, आणि तेही आपली शक्यता न घटवता. यापलीकडे त्याच्यामागे लागणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे जाणे.

तिसरा आक्षेप अनुभवी खेळाडूंकडून येतो आणि तो जास्त मुळाशी जातो. ते म्हणतात, टेबलाजवळ कोणी टक्केवारी मांडत नाही. मांडणी पाहिली की हात आपोआप एक वाट धरतो, आणि बहुधा ती बरोबर असते. यातले पहिले वाक्य खरे आहे. रोजचा खेळाडू मोजत नाही, जसा सुगरण चमचे मोजत नाही. पण कसे ठरवले आणि काय ठरवायला हवे होते, हे दोन निराळे प्रश्न आहेत. अंतःप्रेरणा म्हणजे साठवलेला हिशेब. आणि साठवताना झालेली खोट तिच्यात तशीच राहते. या खेळात ती खोट शिरायला मोठा वाव आहे, कारण एका फटक्याचा निकाल जवळपास काहीच शिकवत नाही. शक्यता निम्म्याच्या आसपास असताना वाईट निवडही वारंवार गुण देते आणि चांगली निवडही वारंवार हुकते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, आणि खेळाडू कावळ्यालाच श्रेय देतो. एका फटक्याची खरी शक्यता ५० टक्के आणि दुसऱ्याची ६० टक्के असेल, तर दोन्ही शंभर-शंभर वेळा मारून पाहिले तरी त्यांच्यातला फरक खात्रीने सिद्ध होत नाही; दैवाचा चढउतारच तेवढा असतो. इतक्या गोंगाटात निव्वळ अनुभवाने शिकायचे तर आयुष्य अपुरे पडेल. म्हणूनच भूमिती हवी. अर्धा चेंडू, मोठा चेंडू, बारीक आघाताचा धोका, वाटेत चेंडू एकमेकांवर आदळण्याचा, म्हणजे ‘किस’चा, संभव: ही कारणे निकालाची वाट न पाहता सांगता येतात. अंतःप्रेरणा जरूर वापरावी, पण तिला या कारणांच्या शाळेत बसवून.

‘किस’चा उल्लेख आला तो इथे थोडा सविस्तर हवा, कारण चुकायला भरपूर जागा असलेला फटकाही त्याने वाया जातो. पहिला चेंडू आघातानंतर आपल्या वाटेने निघतो. तो कुशनवरून परत येऊन आपल्याच चेंडूच्या वाटेत उभा राहिला, किंवा दुसऱ्या चेंडूला जागेवरून हलवून गेला, तर सारे गणित फुकट. नवखा खेळाडू आपल्या चेंडूचा मार्ग पाहतो. जाणता दोन चेंडूंचे वेळापत्रक पाहतो. एखाद्या फटक्यात नेम चुकायला भरपूर जागा आहे, पण पहिला चेंडू नेमका आपल्या चेंडूच्या वेळीच तिथून जाणार आहे, तर ती जागा कागदावरचीच. तिथे आघात थोडा जाड किंवा थोडा बारीक करून पहिल्या चेंडूला आधी किंवा नंतर काढून द्यावे लागते, आणि तेवढी जागा खर्ची पडते. खर्च वजा जाता जी उरेल तीच खरी जागा.

सर्वोत्तम फटका ठरवण्यात नियमांचाही हात असतो, याचा पुरावा कोरियाने दिला आहे. तिथे २०१९ साली सुरू झालेल्या व्यावसायिक पीबीए दौऱ्यात आधी कुशन घेणाऱ्या बँक शॉटला दोन गुण मिळतात. परिणाम अंकगणितातच दिसतो. सरासरी १ चा खेळाडू घ्या. साध्या फटक्याची शक्यता ६० टक्के, बँकची ४०. जुन्या नियमात साध्याचे मोल १.२ आणि बँकचे ०.८, विचार करण्यासारखे काही नाही. नव्या नियमात बँकचे मोल वाढून साध्याच्या बरोबरीला येते, तेही १.२. मांडणी तीच, हात तोच, टेबल तेच. तरी उत्तर बदलले. गुणसंख्येनेही तसेच होते. जिंकायला एकच गुण हवा असेल तर पुढच्या मांडणीचे मोल शून्य होते आणि निव्वळ शक्यता उरते. यावरून कोणी म्हणेल की मग चुकायला जागा हा निकषच डळमळीत झाला. मला उलट वाटते. नियम आणि गुणसंख्या मोबदला किती ते सांगतात. तो मोबदला हाती येण्याची शक्यता मात्र प्रत्येक वेळी जागाच सांगते. दोन गुणांचा असो की एका, फटका आधी लागावा लागतो.

अवघड फटक्यांतले सौंदर्य या विचाराने हरवते, अशी तक्रार उरते. ज्यांना निव्वळ कसब पाहायचे आहे त्यांच्यासाठी आर्टिस्टिक बिलियर्ड्स हा ठरावीक अवघड रचनांचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि तो सुंदरच आहे. थ्री-कुशनचे सौंदर्य वेगळ्या जातीचे आहे. जाणत्याला ते नंतर कळते: फटका इतका साधा का वाटला, आणि समोर दिसणारी चमकदार वाट या खेळाडूने का सोडली. त्या न मारलेल्या फटक्याला टाळ्या मिळत नाहीत. सरासरीत मात्र तो दिसतो.

म्हणून थ्री-कुशनच्या टेबलाशी उभे राहणाऱ्याला एवढेच सांगणे आहे. वाकण्यापूर्वी दिसणाऱ्या प्रत्येक वाटेला दोन प्रश्न विचारा: इथे मी किती चुकलो तरी चालेल, आणि मी साधारण किती चुकतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आठवणीतून देऊ नका, सरावाच्या वहीतून द्या. आपण हुकवलेले फटके आपल्याला आठवत नसतात. ज्या वाटेवर पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा सर्वात जास्त मोठा असेल ती घ्या. दोन वाटा सारख्या निघाल्या, तरच पुढच्या मांडणीकडे आणि मग बचावाकडे पाहा. हॉपीच्या विक्रमापासून आजच्या विजेत्यांपर्यंतचे अंतर शंभरातल्या दहा फटक्यांचे आहे. त्यांतले दोन-तीन या दोन प्रश्नांतून मिळाले तरी सौदा वाईट नाही.